बोट सुधारली, मग मासे कुठे गेले? मासेमारीच्या 'अपग्रेड'चं गणित समजून घ्या

२७ ऑक्टोबर २०२५. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये केंद्रीय गृह आणि सहकारमंत्री अमित शाह यांच्या हस्ते खोल समुद्रात जाणाऱ्या दोन नव्या बोटी मच्छीमार सहकारी संस्थांच्या हवाली करण्यात आल्या. एका बोटीची किंमत साधारण १ कोटी २० लाख रुपये. ही बोट २५ दिवस समुद्रात राहू शकते आणि २० टनांपर्यंत मासळी घेऊन परत येऊ शकते, असं सांगण्यात आलं.

आठवड्याभरानंतर, ४ नोव्हेंबरला, केंद्र सरकारने खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी नवे नियमही जाहीर केले. दोन्हींमागचा विचार एकच: आपल्या बोटी जुन्या आहेत, त्या सुधारल्या की मासळी वाढेल आणि मच्छीमाराच्या हातात पैसा येईल.

ऐकायला पटणारी गोष्ट आहे. पण सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरावर गेलात तर वेगळाच सूर ऐकू येतो. बोटींची इंजिनं मोठी झाली, मासे शोधणारी यंत्रं आली, जाळी नायलॉनची झाली. तरी पूर्वी मिळायचा तसा मासा मिळत नाही, अशी तक्रार आहे. डिझेल मात्र दरवर्षी जास्त लागतं.

मग बोट सुधारल्याने नेमकं काय होतं? मासे वाढतात की आणखी काही घडतं? आणि ही १ कोटी २० लाखांची बोट कोकणातल्या जुन्या भांडणावरचा उपाय आहे की त्याच भांडणाचा पुढचा भाग? एकेक मुद्दा बघूया.

आधी समुद्राचा नकाशा

समुद्रातल्या मासेमारीच्या बातम्यांमध्ये दोन आकडे सारखे येतात: १२ आणि २००.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियम राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्रात त्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. तिथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, केंद्राचा अधिकार चालतो. या पट्ट्याला 'अनन्य आर्थिक क्षेत्र' म्हणतात. तिथल्या माशांवर पहिला हक्क भारताचा.

अडचण अशी की आपल्या बहुतेक बोटी पहिल्या पट्ट्यात आणि त्याच्या आसपासच गर्दी करतात. लहान होडी, डोल जाळीवाला, रापणवाला, ट्रॉलर, पर्ससीन, सगळे तिथेच. मासेही तिथेच जास्त असतात, कारण उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी त्यांना खाद्य मिळतं आणि पिल्लं वाढतात.

म्हणजे माशांचं पाळणाघर आणि बोटींचं ट्रॅफिक जाम, दोन्ही एकाच जागी.

बोट 'सुधारली' म्हणजे काय झालं?

गेल्या ७० वर्षांत आपल्याकडच्या मासेमारीत साधारण चार मोठे बदल झाले.

पहिला बदल इंजिनाचा. शिडाची होडी वाऱ्यावर अवलंबून असायची. इंजिन आल्यावर तांडेल ठरवेल तेव्हा बोट निघू लागली.

दुसरा बदल ट्रॉलरचा. १९५२ मध्ये भारत आणि नॉर्वे यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. मूळ उद्देश गावातल्या मच्छीमारांचं जीवनमान सुधारण्याचा होता. पण अमेरिका आणि जपानमध्ये कोळंबीला भाव मिळायला लागला आणि समुद्राच्या तळावरून जाळं ओढत नेणारी ट्रॉलर किनाऱ्या-किनाऱ्याने पसरली. या जाळ्यात कोळंबी येते, तिच्यासोबत तळाजवळचं बाकी सगळंही येतं.

तिसरा बदल पर्ससीनचा. या पद्धतीत माशांच्या अख्ख्या थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करतात आणि खालची दोरी ओढून जाळ्याचं तोंड बटव्यासारखं बंद करतात. बांगडा, तारली यांसारखे थव्याने फिरणारे मासे एका झटक्यात बोटीत येतात.

चौथा बदल नजरेचा. पूर्वी तांडेल पाण्याचा रंग, पक्षी, चंद्राची तिथी आणि भरती-ओहोटी बघून अंदाज बांधायचा. आता सोनार आणि फिश फाइंडर थवा कुठे आणि किती खोल आहे ते स्क्रीनवर दाखवतात. जीपीएसमुळे तीच जागा पुन्हा सापडते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हिरवे सूक्ष्मजीव मोजते आणि मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याची माहिती देते.

प्रत्येक बदल त्या-त्या वेळी 'सुधारणा' म्हणूनच आला. आणि जवळपास प्रत्येक बदलानंतर किनाऱ्यावर भांडण झालं.

गोव्याचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात तिथे ट्रॉलर आणि पर्ससीन बोटी वाढल्या, तशी रापण ओढणाऱ्या गावांची मासळी आटली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अख्ख्या गावाने मिळून ओढायचं जाळं. त्यातून रापणकारांचं मोठं आंदोलन उभं राहिलं. माथानी साल्ढाणा हे त्याचं नेतृत्व करणारं प्रमुख नाव. देशभर असे संघर्ष पेटल्यावर १९८० मध्ये गोवा आणि केरळने, १९८१ मध्ये महाराष्ट्राने मासेमारी नियमनाचे कायदे केले.

थोडक्यात, आज आपल्याकडे जो कायदा आहे तो मुळात बोटी सुधारल्यामुळे झालेल्या भांडणातून आलेला आहे.

दहा बोटींचं गणित

आता थोडं सोपं गणित करूया. आकडे काल्पनिक आहेत, पण मुद्दा खरा आहे.

समजा एका खाडीसमोरच्या समुद्रातून वर्षाला १०० टन मासा सुरक्षितपणे काढता येतो. याला बँकेतलं व्याज समजा. मुद्दल म्हणजे पाण्यात उरलेले, अंडी घालणारे मासे. व्याज खाल्लं तर मुद्दल शाबूत राहतं.

इथे १० बोटी आहेत. प्रत्येकीला १० टन मिळतात. सगळे खूश.

मग एक नाखवा कर्ज काढून मोठं इंजिन आणि सोनार बसवतो. त्याला आता २५ टन मिळतात. उरलेल्या नऊ जणांच्या वाट्याला ७५ टन, म्हणजे प्रत्येकी साधारण सव्वाआठ टन येतात. समुद्रातले मासे वाढलेले नाहीत. फक्त वाटणी बदलली आहे.

पुढच्या वर्षी बाकीचे नऊ जणही कर्ज काढतात. न काढून सांगतात कुणाला? आता दहाही बोटी सारख्याच दमदार. पुन्हा प्रत्येकी १० टन. पण आता प्रत्येकावर कर्जाचा हप्ता आहे आणि डिझेल दुप्पट लागतंय. हप्ता भरण्यासाठी सगळे मिळून १०० ऐवजी १३० टन काढू लागले की व्याजाबरोबर मुद्दलही जायला लागतं.

म्हणून एका बोटीसाठी जी गोष्ट शहाणपणाची, तीच सगळ्या बोटींनी मिळून केली की तोट्याची ठरते. शेतात चांगलं बियाणं आणलं तर पीक वाढतं. समुद्रात चांगलं जाळं आणलं तर 'पीक' वाढत नाही, फक्त कापणीचा वेग वाढतो. पेरणी समुद्र स्वतः करतो, त्याच्या वेगाने.

खरे आकडे काय सांगतात?

'सीएमएफआरआय' म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था. देशात किनाऱ्यावर किती मासळी उतरते याची मोजणी ही संस्था करते. तिच्या नोंदींनुसार २०१२ मध्ये देशात सुमारे ३९ लाख ४० हजार टन मासळी उतरली होती. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ३४ लाख ७० हजार टन होता. मधल्या बारा वर्षांत बोटी आणि उपकरणं सुधारत गेली, आकडा मात्र २०१२ च्या खालीच आहे.

महाराष्ट्रात २०१९ हे वर्ष फार वाईट गेलं. त्या वर्षी राज्यात सुमारे २ लाख १ हजार टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्याला लागोपाठ आलेली वादळं हे एक मोठं कारण होतं. बोटी बरेच दिवस समुद्रात जाऊच शकल्या नाहीत. त्यामुळे सगळा दोष बोटींवर टाकणं बरोबर नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी. याच संस्थेने २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या भागांतले १३५ मत्स्यसाठे तपासले. त्यातले ९१.१ टक्के निरोगी असल्याचा निष्कर्ष निघाला. जगाचं चित्र यापेक्षा वाईट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगातले ३७.७ टक्के साठे प्रमाणाबाहेर उपसले गेलेले होते.

म्हणजे भारताचा समुद्र रिकामा झालाय असं म्हणणं चूक. पण 'साठा निरोगी आहे' याचा अर्थ 'माझ्या होडीला मासा मिळेल' असा होत नाही. साठा मोजला जातो एखाद्या मोठ्या प्रदेशाचा. देवगडच्या लहान होडीवाल्याला काय मिळालं ते त्याच्या आधी रात्री तिथून कोण जाऊन आलं यावर ठरतं.

आणि साठा खरंच कोसळला तर काय होतं, त्यासाठी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं नाव घेतलं जातं. तिथला कॉड मासा शेकडो वर्षं युरोपला पुरला. मग मोठ्या, शक्तिशाली ट्रॉलर आल्या. शेवटचा मासा शोधून काढण्याइतकं तंत्रज्ञान त्यांच्याकडे होतं, त्यामुळे साठा संपत आला तरी पकड चांगलीच दिसत राहिली. २ जुलै १९९२ ला कॅनडाने मासेमारी बंद केली. सुमारे ३० हजार लोकांचं काम एका दिवसात गेलं. ती बंदी उठायला २०२४ उजाडलं. बत्तीस वर्षं.

एलईडीचा वाद नेमका काय आहे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात रात्री समुद्राकडे पाहिलं की क्षितिजावर कधीकधी अख्खं शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. ही एलईडी मासेमारी.

पद्धत साधी आहे. एका बोटीवर मोठा जनरेटर आणि प्रखर दिवे. काही दिवे थेट पाण्यात सोडतात. बांगडा, तारली, म्हाकूल असे अनेक जीव उजेडाकडे खेचले जातात. लहान पिल्लंही येतात, त्यांना खाणारे मोठे मासेही येतात. सगळे गोळा झाले की दुसरी बोट पर्ससीन जाळं टाकून घेरते.

मासे पकडण्याची कार्यक्षमता म्हणून पाहिलं तर याला तोड नाही. मासा शोधत फिरायलाच नको, मासाच तुमच्याकडे येतो.

नेमकी हीच अडचण आहे. मोठ्या परिसरातला मासा एका जागी ओढला गेला की आजूबाजूच्या लहान होड्यांची जाळी रिकामी येतात. आणि उजेडाला मोठा-लहान असा भेद कळत नाही. अजून एकदाही अंडी न घातलेला मासाही त्याच जाळ्यात जातो.

म्हणून केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ ला अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडीसारख्या कृत्रिम प्रकाशाने मासेमारी करायला आणि दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढायला बंदी घातली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला कायदा कडक केला. एलईडी मासेमारीसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला. नोव्हेंबर २०२५ च्या नव्या नियमांतही ही बंदी आहे.

मग दिवे का दिसतात? कारण पकडणं अवघड आहे. गस्ती नौका दिसली की दिवा विझतो. बोट १२ मैलांच्या आत होती की बाहेर, यावर अधिकार राज्याचा की केंद्राचा ते ठरतं. एका राज्याची बोट दुसऱ्या राज्याच्या हद्दीत येते. गस्ती नौका अपुऱ्या असल्याची मच्छीमार संघटनांची तक्रार जुनी आहे. जानेवारी २०२५ पासून राज्याने ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली आहे.

पर्ससीनवाले काय म्हणतात?

या वादात पर्ससीनवाल्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्यांचीही बाजू आहे.

डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम, आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करून १८२ वर आणायचे. पर्ससीनवाल्यांचं म्हणणं असं की त्यांनीही कर्ज काढूनच बोट बांधली आहे. बोटीवर काम करणाऱ्या खलाशांची घरं त्यावर चालतात. यात कर्नाटकातून, थेट नेपाळमधूनही आलेले लोक असतात. चार महिन्यांत वर्षाचा हप्ता कसा निघणार?

शिवाय पर्ससीन तळ खरवडत नाही, ट्रॉलर खरवडते. मग फक्त आमच्यावरच राग का, हाही त्यांचा प्रश्न आहे. १२ मैलांच्या बाहेर तरी मोकळीक द्या, ही त्यांची मागणी. तमिळनाडूच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन १२ मैलांच्या पलीकडे पर्ससीनला अटींवर परवानगी दिली: आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.

न्यायालयाने इथे बोटीच्या ताकदीला हात लावलेला नाही. तिच्या वेळेला लावला आहे. जाळं तेच, पण ते कधी आणि कुठे पडेल याला मर्यादा.

सुधारणेचा दुसरा अर्थ

आतापर्यंत आपण एकाच प्रकारची सुधारणा पाहिली: जास्त मासा पकडणारी बोट. पण सुधारणा आणखी एका प्रकारे होऊ शकते. मासा तेवढाच, पण डिझेल कमी, नासाडी कमी, जीव सुरक्षित आणि भाव जास्त.

डिझेलपासून सुरुवात करूया, कारण फेरीचा सर्वांत मोठा खर्च तोच असतो. कोचीच्या 'सीआयएफटी' या केंद्रीय संस्थेने 'सागर हरिता' नावाची बोट तयार केली. गोवा शिपयार्डने बांधलेली ही १९.७५ मीटरची बोट २०१६ मध्ये आली. तळाचा आकार असा की पाण्याचा विरोध कमी होतो. पुढे नाकासारखा फुगवटा आहे, जो लाटेशी होणारी झुंज कमी करतो. वरची केबिन फायबरची, म्हणजे वजन हलकं. त्यामुळे इंजिन तेवढ्याच आकाराच्या इतर बोटींपेक्षा कमी ताकदीचं चालतं. दिव्यांसाठी सौर पॅनलही आहेत.

नवी बोट घेणं प्रत्येकाला जमणार नाही. पण वेग कमी करणं जमतं. पाण्यात वेग वाढवला की लागणारी ताकद साधारण घनाच्या पटीत वाढते. ढोबळ हिशेबाने, वेग १० टक्के कमी केला तर तेवढंच अंतर कापायला जवळपास १९ टक्के कमी इंधन लागतं. बंदरावर सगळ्यांच्या आधी पोहोचून लिलावात चांगला भाव मिळवायची घाई असते, म्हणून हे होत नाही. पुन्हा तीच शर्यत.

दुसरी गोष्ट बर्फाची. आपल्या हवेत एक किलो माशाला साधारण एक किलो बर्फ लागतो असं मानलं जातं. बोटीतल्या साठवणीच्या खणाला नीट इन्सुलेशन नसेल तर बर्फ आधी वितळतो आणि आठव्या दिवशी पकडलेला चांगला मासाही मऊ पडून कमी भावात जातो. खण सुधारला की एकही मासा जास्त न पकडता कमाई वाढते. बोटीवर केलेला हा बहुधा सर्वांत शहाणा खर्च असावा. पण फोटोत तो दिसत नाही.

तिसरी गोष्ट जाळ्याच्या आसाची, म्हणजे भोकाची. नेहमीच्या ट्रॉल जाळ्याचा आस चौकटच्या पत्त्यासारखा असतो. जाळं ओढलं की ताणाने तो मिटतो आणि इवलासा मासाही अडकतो. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौरस आस ठेवला तर ओढतानाही भोकं उघडी राहतात आणि पिल्लं निसटतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्गातल्या प्रकल्पात ४० मिलिमीटर चौरस आसाच्या जाळ्यांचा प्रसार करण्यात आला होता.

चौथी गोष्ट कासवांची. ट्रॉलच्या जाळ्यात एक जाळीदार चौकट तिरकी बसवली की कोळंबी तिच्यातून मागे जाते आणि कासव वरच्या वाटेने बाहेर पडतं. वेळास, आंजर्ले इथे ज्या ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला आपण जातो, त्यांचाच हा प्रश्न आहे. अशा चौकटी बोटींवर वापरात नाहीत म्हणून अमेरिकेने भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. म्हणजे कासव वाचवणारं हे साधं उपकरण नसल्यामुळे एक मोठी बाजारपेठ गेली.

पाचवी गोष्ट सुरक्षेची. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालणारे १ लाख ट्रान्सपॉन्डर बोटींवर बसवण्याची योजना सुरू केली. मोबाइलला रेंज नसते तिथूनही तांडेल संकटाचा संदेश पाठवू शकतो, वादळाचा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचतो. बोट नेमकी कुठे आहे तेही कळतं. त्यामुळे नियम मोडणारी बोट ओळखायलाही याचा उपयोग होऊ शकतो.

मग खोल समुद्रातली बोट कुठल्या प्रकारची?

याचं उत्तर अजून ठरायचं आहे.

सरकारचा युक्तिवाद असा: भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून वर्षाला सुमारे ५३ लाख टन मासळी काढता येऊ शकते असा अधिकृत अंदाज आहे. आपण किनाऱ्यावर साधारण ३५ लाख टनांच्या आसपास उतरवतो. मग उरलेला मासा बाहेरच्या पाण्यातून आणू. किनाऱ्यावरची गर्दी कमी होईल.

तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. नव्या नियमांत काही चांगल्या गोष्टीही आहेत. यांत्रिक आणि मोठ्या मोटार बोटींना बाहेरच्या पट्ट्यात जायला ऑनलाइन परवाना लागेल. पारंपरिक आणि लहान बोटींना त्यातून सूट आहे. सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. परदेशी जहाजांना जागा नाही. एक मोठी 'मदर' बोट समुद्रात थांबेल आणि लहान बोटी तिच्याकडे मासळी देतील, अशीही व्यवस्था मांडली आहे.

पण तीन प्रश्न उरतात.

एक, बाहेरच्या पाण्यात पापलेट, बोंबील किंवा कोळंबी मिळत नाही. तिथे मुख्यतः टुना म्हणजे आपला कुपा, शिवाय समुद्री म्हाकूल वगैरे मिळतात. टुनाला भाव आहे, पण तो पकडल्या क्षणापासून थंड ठेवावा लागतो. नाहीतर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि माल नाकारला जातो. म्हणजे बोटीसोबत शीतगृह, बंदर, खरेदीदार अशी पूर्ण साखळी हवी. शिवाय कुप्याला अमर्याद समजून चालणार नाही. हिंदी महासागरातला पिवळ्या पंखांचा टुना अनेक वर्षं 'प्रमाणाबाहेर उपसलेला' या यादीत होता, २०२४ च्या मूल्यमापनात त्याची स्थिती सुधारलेली दिसली.

दोन, कौशल्य. डोल जाळी लावणारा तांडेल भरती-ओहोटीचा मास्टर असतो. टुनाची लाँगलाइन हे वेगळंच काम आहे. त्यात एका लांब दोरीला शेकडो गळ लावतात. ते शिकवल्याशिवाय बोट देणं म्हणजे दुचाकी चालवणाऱ्याला ट्रकची चावी देण्यासारखं.

तीन, आणि सर्वांत महत्त्वाचा: बाहेर परवडलं नाही तर ही बोट कुठे जाईल? तिच्यावर अनुदान असलं तरी संस्थेचा वाटा आणि कर्ज आहेच. हप्ता थांबत नाही. २५ दिवसांचं डिझेल जाळून हाती कमी लागलं, तर २० टनांची साठवण असलेली बोट किनाऱ्याकडे वळेल. मग आपल्या दहा बोटींच्या गणितात अकरावी, सगळ्यांत मोठी बोट येईल.

म्हणून बोटीची किंमत किती, अनुदान किती, यापेक्षा विचारायला हवं ते हे: नवी बोट पाण्यात उतरताना जुनी एखादी बाहेर निघते का? आणि ही बोट १२ मैलांच्या आत जाळं टाकत नाही ना, हे रोज कोण बघणार?

अनुदानाचं काय?

हा वाद फक्त कोकणापुरता नाही. घातक मासेमारी अनुदानांवर जागतिक व्यापार संघटनेचा करार २०२२ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. बेकायदा मासेमारी आणि आधीच उपसलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला सरकारी पैसा देऊ नये, असं त्यात आहे. बोटींची क्षमता गरजेपेक्षा जास्त वाढवणाऱ्या अनुदानांवर मात्र अजून एकमत नाही.

भारताची भूमिका अशी की समुद्र रिकामा केला श्रीमंत देशांच्या मोठ्या ताफ्यांनी, मग आमच्या लहान मच्छीमाराचं अनुदान आधी का कापायचं? विकसनशील देशांना २५ वर्षांची मुदत मिळावी, ही भारताची मागणी आहे. ही भूमिका न्याय्य आहे. पण 'लहान मच्छीमारासाठी' म्हणून मागितलेली सवलत घरात आल्यावर खरंच लहान मच्छीमारापर्यंत जाते का, हे तपासणं आपल्याच हातात आहे.

तुमच्या ताटाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण सव्वापाच इंच. बोंबलासाठी १८० मिलिमीटर. त्यापेक्षा लहान मासा पकडायला मनाई आहे.

बाजारात तळहातापेक्षाही छोट्या पापलेटचा स्वस्त वाटा दिसला तर एवढं लक्षात ठेवा: त्या माशाने बहुधा एकदाही अंडी घातलेली नाहीत. तो घेतला नाही तर तसा मासा आणणाऱ्या जाळ्याचं गिऱ्हाईक एकाने कमी होतं. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात 'ताजी समुद्राची मासळी' म्हणून काही विकलं जात असेल तर ती कुठून आली, हे विचारायला हरकत नाही.

आणि पुढच्या वेळी नव्या बोटीच्या उद्घाटनाची बातमी टाइमलाइनवर आली तर टनांचा आकडा वाचून पुढे जाऊ नका. एक लिटर डिझेलमागे मच्छीमाराच्या हातात किती रुपये पडले, तो आकडा शोधा. बोट खरंच सुधारली की नाही, ते त्यावरून कळेल.